शुगर-फ्रीचा डबा, रात्री २७१ आणि सकाळी ६२

मी कोल्हापुरात डाएटचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडं येणाऱ्या एका घरातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय नाहीतर बदललंय, आकडे मात्र त्यांच्या शुगरच्या वहीतले आणि डब्यावरच्या लेबलचे आहेत तसे ठेवलेत. सणवार जवळ आला की मोबाईलवर शुगर-फ्री मिठाईच्या जाहिराती सुरू होतात आणि बाहेरगावी असलेली लेकरं माया म्हणून आईबापांना डबे धाडतात. त्या मायेत काय काय होऊ शकतंय ते एकदा नीट सगळं मांडावं म्हणलं.

पार्श्वभूमी

घर राजारामपुरीतलं. आबा जानेवारीत पंच्याहत्तर पूर्ण करणार होते. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेले, त्यामुळं ब्रिक्स, पोल, रिकव्हरी हे रसातली साखर मोजायचे शब्द अजून तोंडात. "आयुष्यभर दुसऱ्याची साखर मोजली, आता ही पोरं माझी मोजत्यात" हे वाक्य मी त्यांच्याकडून दर भेटीत ऐकते.

डायबेटीस अठरा वर्षांचा. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी नाश्त्याच्या आधी ग्लिमेपिराइड, जी खाल्लं नाही तरी शुगर खाली ओढते. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७.४, वयाच्या मानानं डॉक्टर खूश होते. घरात आक्का, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. लेक पुण्यात नोकरीला, तिला सगळे ताई म्हणतात. शुगरचा कारभार सगळा सुनेकडं, म्हणजे मीटर तिच्याकडं, वही तिच्याकडं, आणि आबांनी महाद्वार रोडवरून येताना गुपचूप पेढा खाल्ला तर वाईटपणाही तिच्याकडंच.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. आबांचं ठाम मत असं की गूळ म्हणजे साखर नव्हे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय हे ते असं सांगतात जसं काही जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती चढते त्याचा आकडा) कमी असल्याचं सर्टिफिकेट आहे. गुळात बहुतेक सुक्रोजच असतंय, शुगर वाढवायच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊच. हा वाद त्या घरात मी जायच्या आधीपासून आहे आणि माझ्यानंतरही राहणार. सांगायचं कारण, "हे गोड चालतंय" असं कुणीतरी म्हणावं आणि आपण खावं, याची वाट बघणारा माणूस घरात बसलेलाच होता.

नेमकं काय घडलं

दिवाळीनंतरच्या रविवारी ताई-जावई येणार म्हणून घरात मटणाचा बेत होता, तांबडा-पांढरा सगळं. ताईनं आधीच ऑनलाइन एक शुगर-फ्री मिठाईचा बॉक्स मागवून ठेवलेला, तो शनिवारीच कुरिअरनं पोचला. त्यात तीन गोष्टी होत्या, काजू कतली, खजूर-अंजीर रोल आणि चॉकलेट ब्राउनी. साइटवर ह्या सगळ्याला एकच नाव, शुगर-फ्री फेस्टिव्ह बॉक्स, आणि बाजूला डायबेटिक लोकांसाठी अशा अर्थाचं एक हिरवं पान काढलेलं चिन्ह.

दुपारी जेवताना आबांनी भात कमी खाल्ला, सुनेला बरं वाटलं. पण ते संध्याकाळसाठी जागा ठेवत होते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून दोन ब्राउन्या, चार कतल्या आणि रोलचे तीन तुकडे. आक्का ओरडल्या तर म्हणाले, "अगं साखर न्हाई त्यात, शुगर-फ्री हाय ते, ताईनं मुद्दाम माझ्यासाठी धाडलंय." ताई समोरच बसलेली, तिला तरी बापाला नको कसं म्हणवणार.

रात्री नेहमीच्या वेळेला मीटर लावला तर २७१. दिवाळी आहे, होतंय असं म्हणून झोपले. साडेबारापासून पोट सुरू झालं आणि पहाटेपर्यंत थांबलंच नाही. आक्कांनी दोष दिला मटणाला, जावयांनी दिला पाण्याला, आबांनी दिला मेटफॉर्मिनला, ब्राउनीवर कुणाचाच संशय नाही कारण ती तर औषधासारखी आलेली वस्तू.

खरा धोका सकाळी झाला. रात्रभर जागल्यामुळं आबांना काही खावंसं वाटेना, पण काल शुगर वाढली होती म्हणून गोळी मात्र त्यांनी आठवणीनं घेतली. नाश्ता नाही आणि ग्लिमेपिराइड पोटात. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, बनियन घामानं भिजला, बोलणं तुटक. सुनेनं मीटर लावला तर ६२.

आक्का हाताला लागेल ते गोड आणायला धावल्या आणि घेऊन काय आल्या तर उरलेली ब्राउनी. "खावा, गोड हाय." सुनेनं ती बाजूला ठेवली, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८४, मग अर्धी भाकरी आणि ताक. हे तिला आधी एकदा समजावून सांगितलेलं होतं, साधारण पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं. लो शुगरमध्ये शुगर-फ्री वस्तू देऊन काही उपयोग नसतो, आणि ब्राउनीत तूप-बटर असल्यामुळं जी काही शुगर चढायची तीही उशिरानं चढणार. म्हणजे ज्या घरात साखर नको म्हणून हजार-बाराशे रुपये घातले त्या घरात शेवटी डब्यातल्या साध्या साखरेनं माणूस सावरला. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की ह्या प्रकारच्या गोळीत शुगर परत खाली जाऊ शकते, संध्याकाळपर्यंत तासातासानं बघा, आणि पोट बिघडलेलं असताना दोन्ही गोळ्या मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

डब्याच्या मागच्या बाजूला काय होतं

नंतर सून रिकामे खोके पिशवीत घालून माझ्याकडं आली. पुढची बाजू आम्ही बघितलीच नाही, सरळ उलटे केले.

आपल्याकडं एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, लेबलवरच्या दाव्यांबद्दलचे नियम २०१८ चे आहेत. त्यात शुगर-फ्री म्हणायचं असेल तर शंभर ग्रॅममागे साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको. लो शुगर म्हणजे घन पदार्थात शंभर ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत. आणि नो अॅडेड शुगर ही तिसरीच गोष्ट, त्यात साखर वरून घालायची नाही आणि साखरेच्या जागी गोडीसाठी दुसरा साखर असलेला पदार्थही घालायचा नाही. एका बॉक्समध्ये तीन वस्तू आणि तिघींचा प्रकार वेगळा, पण साइटवर तिघींना एकच टोपी.

ब्राउनी खरोखर शुगर-फ्री होती. शंभर ग्रॅमला साखर ०.४. पण कार्बोहायड्रेट ५४ ग्रॅम, त्यातले ३० ग्रॅम पॉलिओल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थांचा एक गट, इथं त्यातलं माल्टिटॉल, आणि राहिलेला बहुतेक मैदा. नियमात साखर मोजताना पॉलिओल धरत नाहीत, म्हणून ०.४ हा आकडा खरा. पण माल्टिटॉल शुगर अजिबात वाढवत नाही असं नाही, साखरेपेक्षा कमी वाढवतं एवढंच, आणि मैद्याचं तर काय सांगायचं. एक ब्राउनी ५० ग्रॅमची, आबांनी दोन खाल्ल्या, म्हणजे ३० ग्रॅम माल्टिटॉल तिथंच झालं.

काजू कतलीवर शुगर-फ्री लिहिलेलं पण मागं टोटल शुगर ३ च्या वर. ते होणारच, कारण काजूतच शंभर ग्रॅममागे पाच-सहा ग्रॅम साखर नैसर्गिक असते, निम्मा काजू घातला की ०.५ मध्ये बसायचा प्रश्नच नाही. तीच गोष्ट खव्याची. खव्यात दुधातलं लॅक्टोज आटून आटून वीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि लॅक्टोज ही साखरच. त्यामुळं खऱ्या खव्याचा पेढा कुणी शुगर-फ्री म्हणून विकत असेल तर एक तर खवा तरी नाही नाहीतर दावा तरी. कतलीतही माल्टिटॉल होतंच, चार तुकड्यांत अंदाजे १८ ग्रॅम.

रोल म्हणजे तर नुसता खजूर. वाळलेल्या खजुरात शंभराला साठ ग्रॅमच्या वर साखर असते. तीन तुकडे साठ ग्रॅमचे धरले तरी पस्तीस ग्रॅमच्या आसपास साखर, सात चमचे. खोक्यावर लिहिलं होतं नो अॅडेड शुगर. खजूरच गोडीसाठी घातलाय आणि वर हा दावा, तो नियमाच्या शब्दात तरी बसतोय का हाच मुद्दा.

मग सगळ्याचा हिशेब लागला. २७१ मध्ये मोठा वाटा रोलचा, मैद्याचा आणि दुपारच्या जेवणाचा, आणि पोटाचा घोटाळा ४८ ग्रॅमच्या आसपास माल्टिटॉलचा. पॉलिओल आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, पाणी ओढून घेतात, त्यामुळं एवढ्या डोसला बऱ्याच लोकांचं पोट सुटतं. पदार्थात पॉलिओल दहा टक्के किंवा जास्त असेल तर जुलाब होऊ शकतात अशी सूचना लेबलवर छापावी लागते. ब्राउनीच्या खोक्यावर ती होती. खालच्या घडीवर, जिथं टेप लावतात बरोबर तिथं, चष्मा लावून मी आणि सुनेनं दोघींनी मिळून वाचली. मेटफॉर्मिनचाही हातभार असेल, त्यानंही पोट नाजूक होतं, पण वर्षानुवर्षं तीच गोळी घेऊन त्याच रात्री का हा प्रश्न राहतोच.

वाढदिवसासाठी कोणते पर्याय होते

आता जानेवारीचा प्रश्न. अमृतमहोत्सव, घरचे आणि भावकीतले मिळून तीसेक माणसं, त्यात आबा धरून तिघं डायबेटीसवाले. केक कापायचाच हा नातवंडांचा हट्ट.

पहिला पर्याय आक्कांचा, गोडच नको, औक्षण करून साखर हातावर ठेवायची आणि झालं. हा पर्याय कागदावर सोपा, पण आबांसारखा माणूस घरात मिळालं नाही की बाहेर खातो, आणि बाहेर खाल्लेलं वहीत येत नाही.

दुसरा, ताईचा. त्याच साइटवरून फक्त ब्राउनी मागवायची, कारण ती तरी खरी शुगर-फ्री आहे, आणि प्रत्येकाला एकच द्यायची. यात तिची बाजू मला कळत होती, तिला आपली चूक झाली असं वाटत होतं आणि तिथूनच ती दुरुस्त करायची होती. पण तीस माणसांच्या घरात एकच द्यायची हे कोण बघणार?

तिसरा, मुलाचा. किराणा अॅपवरून शुगर-फ्री गुलाबजामचे डबे. एक डबा नमुन्याला आणला आणि इथं आबांचा जुना लॅबवाला जागा झाला. भावकीत एकाकडं उसाचं ब्रिक्स बघायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर आहे, तो मागवला, काचेवर पाकाचा थेंब सोडला, खिडकीकडं तोंड करून एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "बेचाळीस. ही बघा यांची शुगर-फ्री." रिफ्रॅक्टोमीटर साखर आणि सॉर्बिटॉलसारखं पॉलिओल यात भेद करत नाही, पाण्यात विरघळलेलं जे काही असेल ते मोजतो, त्यामुळं पाक पॉलिओलचा असला तरी आकडा तेवढाच येणार. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पण मजा घालवायची नव्हती. तरी डबा बाद झाला तो वेगळ्याच कारणानं, आतला जामून मैदा आणि दूध पावडरचा, पाक काढून टाकला तरी स्टार्च आणि लॅक्टोज राहतंय.

चौथा, घरी करायचं. सुनेनं स्टीव्हियाची पावडर ऑनलाइन मागवली आणि माझ्या सांगण्यावरून घटक बघितले तर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतं, चिमूटभर पुरतं, म्हणून वजन भरायला काहीतरी मिसळतात, आणि माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात साखरेसारखंच चढतं. अॅस्पार्टेमच्या गोळ्या घरात होत्या पण तापवलं की त्यांची गोडी जाते, बेकिंगला उपयोग नाही. शिवाय तीस माणसांचा स्वयंपाक, त्यात केकचा प्रयोग, सुनेनं सरळ हात जोडले.

पाचवा, माझा. ज्याला जे गोड करायचंय ते साधंच करा, बासुंदी करा, पण आबांच्या ताटातली जागा आधी ठरवा, भात-चपाती कमी आणि अर्धी वाटी बासुंदी जेवणासोबतच. यावर ताई म्हणाली, "मॅडम, मग शुगर-फ्रीचा उपयोग काय?" प्रश्न बरोबर होता. उपयोग असतो, योग्य वस्तू असेल आणि माप असेल तर. काहींना केक कापायचा आनंद हवा असतो, तो कशाला काढून घ्यायचा.

काय ठरलं आणि कसं केलं

शेवटी दोन गोष्टी एकत्र केल्या. एक छोटा शुगर-फ्री केक ऑनलाइन, आणि बाकी सगळ्यांना घरची बासुंदी.

केकसाठी सुनेनं तीन ठिकाणी मेसेज केले. मेसेज एकच होता आणि तो मी इथं देतेय कारण सगळं प्रकरण त्या मेसेजवर फिरलं: गोडीसाठी काय वापरता त्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, पीठ कोणतं, एका पीसचं वजन किती, आणि तुमचा एफएसएसएआय नंबर काय.

पहिल्या ठिकाणाहून उत्तर आलं, "हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे मॅडम, निश्चिंत राहा," आणि सोबत केकचे सहा फोटो, सगळे पुढून. दुसऱ्या ठिकाणी नॅचरल स्वीटनर म्हणजे काय विचारल्यावर दोन दिवसांनी कळलं की सेंद्रिय गूळ. कोल्हापुरातच आहे म्हणल्यावर गूळ येणारच होता, आबा मात्र ऐकून खूश झाले. तिसरी घरगुती बेकर, राजारामपुरीतच दोन गल्ल्या सोडून, ऑर्डर इन्स्टावरून घेते. तिनं पाकिटाचा फोटो पाठवला, एरिथ्रिटॉल आणि सुक्रालोज या साखरेऐवजी वापरायच्या दोन गोड पदार्थांचं मिश्रण, पीठ बदामाचं, पीस ५० ग्रॅम, आणि वर न विचारताच लिहिलं की ताई, वरचं चॉकलेट डेकोरेशन मात्र साध्या चॉकलेटचं असतंय, नको असेल तर सांगा, नुसतं क्रीम लावून देते. ही एक ओळ वाचून सुनेनं ऑर्डर तिलाच द्यायची ठरवलं, आणि मला वाटतं बरोबर ठरवलं. चौदा आकडी नंबर दिला तो तपासून बघितला, चालू होता.

इथं थोडं थांबून सांगते की एरिथ्रिटॉल सुद्धा पॉलिओलच, पण ते बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे तसंच बाहेर पडतं, त्यामुळं पोटाला माल्टिटॉलपेक्षा सोसवतं आणि शुगर जवळजवळ वाढवत नाही. २०२३ मध्ये त्याच्याबद्दल हृदयविकाराशी संबंध दाखवणारा एक अभ्यास आला, तो संबंध आहे, कारण आहे हे सिद्ध झालेलं नाही, तरी हार्टच्या पेशंटला मी ते रोज खा म्हणून सांगत नाही. वर्षातून एक पीस ही वेगळी गोष्ट. त्याच वर्षी डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, वजन कमी करायला स्टीव्हिया-सुक्रालोजसारखे नॉन-शुगर स्वीटनर वापरू नका असं सुचवलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळे डायबेटीसवाले घाबरले, पण ती सूचना आधीपासून डायबेटीस असलेल्यांसाठी नव्हतीच, आणि पॉलिओलबद्दल तर नव्हतीच नव्हती.

मग नमुना. वाढदिवसाच्या आधी एक छोटा केक मागवला. साध्या दुपारच्या जेवणानंतर एक पीस, दोन तासांनी मीटर, १६६. तसंच जेवण केकशिवाय, दुसऱ्या दिवशी, १५९. एवढ्या फरकाला मी फरक म्हणत नाही, मीटरचाच तेवढा खालीवर होतो. पोट शांत. चवीबद्दल आबांचा अभिप्राय, "पेपरमिंट घातलंय काय ह्यात, जिभेला गार लागतंय." एरिथ्रिटॉलनं लागतं तसं. नातवंडांनी एक घास खाऊन ठेवून दिला, हा माझ्या मते त्या केकचा सगळ्यात मोठा फायदा.

गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं. त्यांनी डोस बदलला नाही, फक्त जेवण उशिरा होणार असेल तर आधी काहीतरी खा आणि गोड खायचंय म्हणून गोळी वाढवू नका एवढं बजावलं. आबांच्या मनात अर्धी गोळी जास्त घ्यायची हे होतंच, नंतर त्यांनीच कबूल केलं.

इकडं ताईनं दिवाळीच्या बॉक्सची तक्रार लावून धरली होती. कस्टमर केअरनं वीस टक्क्यांचं कूपन देऊ केलं, म्हणजे परत तेच घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रीच्या साइटला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. तिनं त्या अधिकाऱ्याला मेल टाकली, सोबत ऑर्डरची मेल ज्यात तिन्ही वस्तूंना शुगर-फ्री म्हणलेलं आणि रोल-कतलीच्या लेबलचे फोटो. उत्तर गोलगोल आलं तेव्हा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं. त्यानंतर पैसे परत आले. तब्येतीचं काय झालं यात ती शिरलीच नाही, कारण आबांनी किती खाल्लं हा प्रश्न उलटून आला असता. फक्त नाव एक आणि माल एक, एवढ्याच मुद्द्यावर राहिली.

पुढं काय झालं

वाढदिवसाला आबांनी केक कापला, एक पीस खाल्ला, मग जेवणात अर्धी वाटी बासुंदी सगळ्यांसमोर, चोरून नाही. चपाती एक, भात नाही. दोन तासांनी १७८. आम्ही १८० च्या आत धरलेलं होतं, म्हणजे काठावर पास. रात्र शांत गेली.

आबांच्या धाकट्या भावांचं मात्र ऐका. त्यांना डायबेटीस आहे, त्यांना शुगर-फ्री केक आहे कळल्यावर त्यांनी तीन पीस घेतले, वर बासुंदी पूर्ण वाटी, "केकात साखर नव्हती ना, मग ती बासुंदीत ॲडजस्ट." त्यांचा आकडा कुणी बघितला नाही कारण त्यांनी मीटरला हात लावू दिला नाही. म्हणजे एका माणसाला समजावलं तरी हा हिशेब शेजारच्या खुर्चीत बसलेला असतोच.

खर्चाचं म्हणाल तर केक साध्या केकच्या जवळजवळ अडीचपट पडला, बदामाचं पीठ महाग. आणि जो केक उरला तो तिघांनी आठवडाभर पुरवून खाल्ला, फ्रीजमध्ये तो थोडा रवाळ झाला, एरिथ्रिटॉल गार झालं की परत खडे धरतं.

काय वेगळं करता आलं असतं

दिवाळीला सगळ्यात सोपी जागा होती शनिवारची, बॉक्स आला तेव्हाची. सुनेनं तो उघडला, पुढचं नाव वाचलं आणि कपाटात ठेवला. तेव्हा उलटा केला असता तर रोल बाजूला निघाला असता. पण नणंदेनं बापासाठी धाडलेल्या डब्याची तपासणी सुनेनं करायची, हे आपल्या घरांत दिसायला कसं दिसतंय ते सांगायला नको. म्हणून मी आता लेकांना-लेकींना सांगते की मागवायच्या आधी घरी जो वही ठेवतो त्याला लिंक पाठवा, डबा नंतर.

दुसरी जागा रात्रीची. २७१ दिसल्यावर आणि पोट बिघडल्यावर डॉक्टरांना पहाटे नाही तरी सकाळी गोळीच्या आधी फोन व्हायला पाहिजे होता. न खाता ग्लिमेपिराइड ही त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात घातक गोष्ट, माल्टिटॉलपेक्षा कितीतरी. आता त्यांच्या मीटरच्या पाऊचमध्ये ग्लुकोज पावडरची पुडी असते आणि कपाटावर आक्कांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहिलंय, चक्कर-घाम आला तर साखरपाणी, शुगर-फ्री नाही.

तिसरी गोष्ट मुलांची. त्या रविवारी नातवंडांनीही एकेक ब्राउनी खाल्ली होती आणि धाकट्याचं पोट दुखलं होतं, ते कुणी मोजलंच नाही. लहान अंगाला पॉलिओल लवकर बाधतात. घरात कुत्रं असेल तर अजून एक, काही शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला जिवावर बेततं, खाली पडलेला तुकडा त्याच्यापुढं टाकू नका.

नमुन्याच्या केकबद्दल मला एक खटकतं. आम्ही एकदाच मोजलं, दोन तासांनीच मोजलं. बदामाच्या पिठात आणि क्रीममध्ये फॅट बरंच असतं, फॅटमुळं शुगर उशिरा चढू शकते, तीन-चार तासांनीही एकदा बघायला हवं होतं. बोट टोचून घ्यायला आबांनी नकार दिला हे खरं कारण, आणि सुनेनं जबरदस्ती केली नाही, मीही केली नसती.

परवा सुनेचा मेसेज आला. पाडव्यासाठी कुणीतरी शुगर-फ्री श्रीखंडाची जाहिरात पाठवली होती. तिनं आधीच विकणाऱ्याला विचारून टबच्या मागच्या बाजूचा फोटो मागवलेला, टोटल शुगर ४.२, अॅडेड ०. चक्क्यात दुधाचं लॅक्टोज थोडं राहतंच, त्यामुळं आकडा खरा वाटतो आणि पुढचं नाव चुकीचं. तिनं मला विचारलं की मग घेऊ का. मी एका वाटीचं माप सांगितलं आणि पुरी नको म्हणलं. त्यावर आबांचा व्हॉइस मेसेज आला, पुरीशिवाय श्रीखंड म्हणजे काय ओ मॅडम, आणि अजून त्यावर आमचं बोलणं चालूच आहे.